नर्सबाईंचा पेरणारा

नर्सबाईंनी कधी एकही गोष्ट पुरी सांगितली नाही. बपेऱ्याजवळच्या आमच्या गावात मिशनचा छोटा दवाखाना होता. तिथे त्या इंजेक्शनसोबत येशूचा एखादा दाखला द्यायच्या. हरवलेलं मेंढरू, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा. ऐन रंगात थांबायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही काय केलं असतं?" आपण विचारात पडलो की सुई टोचून मोकळ्या.

आमचं घर बौद्ध. आजीने एकदा तोंडावरच विचारलं, "काहून वो बाई, गोष्टी सांगून आमाले बाटवता का?"

"गोष्टीनं माणूस बाटत असता, तर तुमच्या जातककथा ऐकून मी कधीच बाटले असते, आजी."

तेव्हापासून आजीचे गुडघे दर मंगळवारी नेमाने दुखू लागले.

बाई नगरकडच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. त्यांना धानातलं, म्हणजे भातशेतीतलं, काही कळत नाही, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

मी बारावी पास झाले आणि बाबांनी सांगून टाकलं, "पुरे झालं शिक्षण. तुमसरले खोली करून एकटी पोरगी नाही ठेवत." कॉलेजच्या फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत. शुक्रवारी बाबा पायाची पट्टी बदलायला निघाले, मी सोबत होते. रडून माझे डोळे सुजलेले; कारण गावभर झालं होतं. बाईंनी ते पाहिलं, बाबांचा पाय हातात घेतला आणि सुरू केलं, "एक पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर..."

"थांबा बाई. बी असं वाटेवर फेकते का कोनी? पागल होता का तो?"

"मग कसं करतात?"

बाबा खुलले. "आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकाचे. रोपं वर आले का उपटाचे, अन् दुसऱ्या बांधीत नेऊन रोवाचे."

"उगवले तिथंच राहू दिले तर?"

"तिथं कायले ठेवता? दाटीत पिवळे पडतेत. धान नाही, ढोराले घालाचं तनस होते."

"पण उपटताना मुळं तुटत असतील हो."

"तुटते थोडे. चार दिवस मान टाकते. मंग असं धरते का पाहत राहा!"

एवढं बोलून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाई पट्टीची गाठ मारत होत्या, मान वर केली नाही.

घराच्या वळणावर बाबा म्हणाले, "फॉर्मले फोटो किती लागते?"

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी मान ताठ ठेवून सांगते.

त्याच वर्षी बाई निवृत्त होऊन नगरला निघाल्या. बाबा त्यांची ट्रंक एसटीत चढवत होते, तेवढ्यात मी हळूच विचारलं, "बाई, रोवणा तुम्हाला खरंच माहीत नव्हता?"

"अगं, दर पावसाळ्यात रोवणाऱ्या बायांच्या कमरेला मलम कोण चोळतं?" म्हणाल्या आणि खिडकीत जाऊन बसल्या.

पलीकडे बाबा कंडक्टरला सांगत होते, "नीट नेजा भाऊ. बाईले शेतीतलं काही समजत नाही, पण मनानं मोठी चांगली."