पत्ती नसलेली सनई

आबांचे पुढचे दात गेले तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. दात नसले की सनईच्या तोंडाला असते त्या पत्तीवर ओठ ठरत न्हाईत, आणि झरीपासून पाथरीपर्यंत लोक सनईला न्हाई, आबांना बोलवायचे. त्यात तिकडं महायुद्धाची लढाई चाललेली. साखर कंट्रोलची, धान्यावर सरकारची लेव्ही, पाच दिवसांची लग्नं एका दिवसात उरकायची. अशात आबांच्या दातांची गोष्ट बाहेर फुटली असती तर आमची चूलच बंद.

मग आबांनी शक्कल काढली. आपल्या सनईची पत्ती काढून टाकली, म्हणजे आवाजच निघायला नको, नुसती नळी ओठांत धरली आणि गाल फुगवून पुढं बसले. मी माझी सनई घेऊन मागं. लोकांना वाटायचं, पोरगं मागं बसून एक सूर धरायलंय. वाजवायचो सगळं मीच; सूर धरायला कुणीच नव्हतं, पण कुणाला कळतंय! मी बाविशीचा, एका पोरीचा बाप, आणि लोक मला म्हणायचे, "बापाकडून शीक जरा." लय राग यायचा. आबा मात्र घाम पुसत मान डोलवायचे. मी चांगलं वाजवतो असं त्यांनी जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

दोन लगीनसराया अशा निभल्या. मग वालूरच्या एका कापूसवाल्या शेटजींनी आपल्या पोरीच्या लग्नातल्या सनईचं ठरवायला आम्हाला बोलावलं. म्हणाले, "उस्ताद, दिवस कसे हायेत बघायलात ना. सनईला एकच माणूस परवडतो. तुमी एकटेच या. पोराला राहू द्या घरी, एका सुरापायी माणूस कशाला?"

घ्या! सोंग इतकं बेमालूम वठवलं की माझीच उचलबांगडी. मला वाटलं, आबा आता काहीतरी थाप मारतील. पण ते म्हणाले, "शेटजी, एकच पाहिजे तर ह्याला घ्या. वाजवतो हाच. माझ्यापेक्षा गोड वाजवतो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेटजी मात्र खो खो हसले. "वा उस्ताद! विनय असावा तर असा!"

आबा चिडले. झोळीतली आपली सनई काढून शेटजींच्या हातात दिली. "फुंका."

शेटजींनी फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली, तोंड लालबुंद झालं. मग सनई कपाळाला लावून म्हणाले, "हिच्यातून सूर काढायचा म्हणजे तुमचीच छाती पाहिजे. ठरलं, तुमी एकटेच!"

कप्पाळ माझं! शेवटी उस्तादांचं पानदान सांभाळणारा गडी म्हणून मला न्यायची परवानगी मिळाली, मजुरी एकाचीच. लग्नाच्या दिवशी आबा चौकीवर बसले आणि मी सनई घेऊन त्यांच्या मागच्या पडद्याआड. पोरीच्या पाठवणीला मी असं काही वाजवलं की बायका हमसून हमसून रडल्या. शेटजींनी स्वतः उठून आबांच्या खांद्यावर शाल घातली. "उस्ताद, हे शिकलात कुणाकडून?"

आबांनी पडद्याकडं तोंड वळवलं आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, गुरूचं नाव निघालं की वाजवणारे धरतात तशा.

"गुरू वारले वाटतं," आबांनी तोंड फिरवलेलं बघून शेटजी हळहळले.

फटीतून मी बघत होतो. हुंदका काही केल्या आवरेना, म्हणून पुन्हा सनई तोंडाला लावली. पुढं आबांनी घाईघाईनं गाल फुगवले.