आंबिवलीच्या उतारासाठी गाडी

मला गाडी मिरवायला नको होती, हे आधीच सांगते. आंबिवलीत नदीकडे उतरणाऱ्या भाड्याच्या तुकड्यावर माझी नर्सरी आहे. पावसाळा हाच आमचा मोसम, आणि नेमका तेव्हाच तो कच्चा उतार चिखलात जातो. टेम्पोवाले वर डांबरी रस्त्यावरच थांबतात. मग मी आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या तिघी, रोपांचे क्रेट डोक्यावर घेऊन वर चढायचो. निम्मी रोपं मोडायची, कंबर मोडायची ती वेगळीच.

मोबाईलवर मी परदेशातली एक व्हॅन पाहिलेली. फार मोठी नाही, फार लहान नाही. पुढे चौघी बसतील, मागे माल राहील, सीट काढली तर खताच्या गोणीही मावतील, आणि चारही चाकांना जोर, म्हणजे चिखलातून सरळ वर. तो व्हिडिओ मी इतक्यांदा लावला की नवरा म्हणाला, "त्या गाडीशीच लग्न लाव आता."

त्या वर्षी घोडबंदर रोडवरची एक मोठी सोसायटी बागेचं सगळं काम द्यायला तयार होती. अट एकच, भर पावसातही दर आठवड्याला रोपं वेळेवर पोचली पाहिजेत. जमलं तर तिघींना बारमाही काम, नाहीतर मोसम संपला की घरी.

तेवढ्यात धाकटा भाऊ आला. वडिलांच्या भातशेतीवर बिल्डरचा टॉवर उभा राहायचा होता आणि माझं हक्कसोडपत्र हवं होतं. "ताई, आपल्यात बहिणी सोडतातच," म्हणाला, जसं काही चहात साखर किती ते सांगतोय. मी म्हटलं, सोडते, पण मला ती व्हॅन दे. व्हिडिओ दाखवला.

"एवढंच? अगं, तशी करून देणारा माणूस आहे माझ्या ओळखीत. पावसाच्या आत दारात उभी करतो."

मी सही केली. भावाकडून कोण लिहून घेतं? दुसऱ्या दिवशी सोसायटीला होकार कळवला आणि तिघींना सांगूनही टाकलं. मूर्ख कुठली!

अक्षय्य तृतीयेला सकाळी त्याचा फोन आला. "ताई, गाडी आणतोय. ताट तयार ठेव, पहिलं औक्षण तुझ्याच हातचं." तिघी इस्त्रीच्या साड्या नेसून आलेल्या. आमच्याच झेंडूचा हार ओवलेला. पहिला माल शुभ म्हणून त्यांनी दहा-बारा क्रेट आधीच वर रस्त्याच्या कडेला आणून ठेवले होते.

काळी कुळकुळीत, उंच, चकचकीत जीप येऊन थांबली. मी तिच्या मागे बघत राहिले. वाटलं, माझी मागून येत असेल.

"तिकडे काय बघतेस? फोर बाय फोर आहे! तुला हवी होती ना?"

"माझी कुठंय?"

"अगं, आपलीच ना ही. लागली की फोन कर."

"दर आठवड्याला रोपं न्यायला देशील?"

तो खो खो हसला. "वेडी का तू? आत माती होईल."

बापाची अख्खी माती विकून आणलेली गाडी, आणि तिला माती चालत नाही! असा संताप आला की ताट त्याच्या काचेवर फेकावं. पण त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको मोबाईल धरून शूटिंग करत होती, रस्त्यावरची चार माणसं थांबली होती. मी बॉनेटवर कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आजही त्या हातांची मला चीड येते.

मग म्हणाला, बस, एक चक्कर मारू. माझ्या पायाखाली त्याने पेपर अंथरला आणि मी त्यावर पाय ठेवून बसले. शहाडपर्यंत जाऊन आलो. वाटेत तो सनरूफ उघडून दाखवत होता आणि मी "छान आहे" म्हणत होते.

परत आलो तर तिघी क्रेटपाशीच उभ्या. भावाला वाटलं, रोपं विकायला मांडलीत. काच खाली करून म्हणाला, "मावशी, एक तुळस द्या ना गॅलरीला. पिशवीत घालून द्या हां."

तिघींतल्या थोरलीने एक तुळस निवडली, दोन पिशव्यांत नीट बांधली आणि त्याच्या हातात दिली. गाडी गेली. मी अजून सोसायटीला नाही म्हणायचा फोन केला नव्हता. तिघींनी पदर खोचले, क्रेट उचलले आणि उतार उतरायला लागल्या.