ओठ दिसले पाहिजेत

चिकपेटेतल्या कापडदुकानांच्या मागच्या गल्लीत विठाबाई परकरांना काठ लावून द्यायची. नवरा नागोजी तिथल्याच एका शिंप्याकडे कापड बेतायचा. घराणं कैक पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड.

त्यांचा धाकटा मुलगा गुंडू १९५४ साली तापातून उठला, तो बहिरा होऊनच. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढे माणसांच्या ओठांकडे बघून तो बोलणं ओळखू लागला, पण मराठीच. शाळा कन्नड होती. म्हणून विठाबाईने घरातली भाषाच बदलली. चुलीपाशी, जेवताना, सगळ्यांनी कन्नड बोलायचं असं ठरलं. सासूने काही दिवस अबोला धरला. रागावण्यापुरती मराठी उरली.

चौथीपर्यंत निभावलं. पाचवीत गणिताला भीमसेनराव मास्तर आले. शिकवायला चांगले, स्वभावाने कडक. बोलणं थोडं नाकातलं, मिशी वरचा ओठ पुरता झाकणारी. गणितं ते तोंडी घालत. सहामाहीत गुंडूला गणितात शून्य मिळालं. हेडमास्तरांनी नागोजीला बोलावून सांगितलं, दाखला घेऊन जा. अशा मुलांसाठी परगावी वसतिगृहाची शाळा असते.

नागोजीचं मन वळलं होतं. "लांब राहील, पण शिकेल तरी," तो म्हणाला.

"ताप उतरल्यापासून तो माझं तोंड बघून जगतोय," विठाबाई म्हणाली. "तिथे कुणाचं बघणार?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, कानांत कापसाचे बोळे घातले आणि पाचवीच्या खिडकीबाहेर उभी राहिली. इतिहासाचे मास्तर काय म्हणतात ते तिला अर्धंमुर्धं कळलं. भीमसेनरावांचं अक्षरही कळलं नाही. मिशी हलत होती, एवढंच. कानांतले बोळे काढून ती तशीच हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

"मुलाला पहिल्या बाकावर बसवलंय, अम्मा. शाळेने आणखी काय करायचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"भीमसेनरावांना मिशी कापायला सांगा. ओठ दिसले पाहिजेत."

कारकून हसला. हेडमास्तर हसले नाहीत. "उद्या कुणी येऊन मला धोतर बदलायला सांगेल. असा नियम कुठे आहे?"

नियम नव्हता. अशा मुलाला शाळेने सामावून घ्यावं, असं आईबापांना कायद्याने मागता येईल असे ते दिवस नव्हते. विठाबाईजवळ एकच गोष्ट होती. "दाखल्याच्या अर्जावर आमची सही लागते ना?" ती म्हणाली. "ती आम्ही करणार नाही."

"वार्षिक परीक्षेत नापास झाला, की नाव काढायला मला तुमची सही लागणार नाही."

शाळा सुटल्यावर भीमसेनरावांनी तिला फाटकाबाहेर गाठलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"माझ्या तोंडावर तुमचा हक्क कुठून आला, अम्मा?"

"तोंडावर नाही. तुम्ही बोलता त्यावर. बाकीच्या पोरांना ते मिळतं."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. मुलं पांगली होती. त्यांनी दोन बोटांनी मिशी वर उचलली. ओठ जन्मतःच नाकापर्यंत फाटलेला होता आणि लहानपणी कुणीतरी तो ओबडधोबड शिवला होता. मधे कातडी ओढलेली, आखडलेली.

"लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या माहेरी हे सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "आता वर्गापुढे उघडं करू?"

विठाबाईने त्या ओठाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "नको."

मास्तर निघाले.

"सरी, ठीक आहे. मग फळ्यावर लिहा," ती मागून म्हणाली.

ते थांबले. "प्रत्येक गणित?"

"प्रत्येक. आणि लिहून झालं की बाजूला व्हा. तुम्ही अंगाने मोठे आहात."

"तुम्ही काही सोडत नाही, अम्मा."

"सोडलं की. मिशी सोडली."

संध्याकाळी नागोजीने विचारलं, "मग? कापणार का मिशी?"

"नाही. फळ्यावर लिहिणार आहेत."

"एवढा कडक माणूस, असा कसा कबूल झाला?"

"विचारलं, झाले," विठाबाई म्हणाली आणि काठाची घडी मोडून कामाला बसली. मास्तर हयात असेपर्यंत त्यांच्या ओठाबद्दल ती कुणाजवळ बोलली नाही.

भीमसेनराव लिहू लागले. वर्गात आधी कुजबुज झाली, मग ती थांबली. खडू फार लागतो म्हणून हेडमास्तरांनी एकदा हटकलं. लिहिणं थांबलं नाही. गुंडू वार्षिक परीक्षेत गणितात जेमतेम सुटला. नाव पटावर राहिलं.

सहावीच्या मास्तरांना मिशी नव्हती. पण ते वर्गातही तोंडात पान धरून बोलत. जूनमध्येच विठाबाई पुन्हा शाळेत गेली.