सटवा जासुदाचे बैठकीचे दुखणे

डाग द्यायची सळई निखाऱ्यात लाल झाली होती आणि सटवा जासूद पालथा पडून तिची वाट पाहत होता. मी पोचलो तेव्हा जासुदांचे नाईक स्वतः फुंकणी घेऊन बसले होते.

"या वैद्यराज," नाईक म्हणाले. "गृध्रसी आहे. नाव आम्ही ठेवलंय, सळई आम्ही तापवलीय. आपण फक्त जागा दाखवा."

"दाखवायची तर आधी बघायला हवी."

"बघा की. पळून कुठं जातोय? पळता येत असतं तर आपल्याला कशाला त्रास दिला असता?"

जासूद म्हणजे सरकारची पत्रे घेऊन पायी धावणारा माणूस. सटवा मूळचा वारज्याचा, या कामात मुरलेला. उन्हाळ्यापासून त्याचा डावा कुल्ला दुखत होता. मालीशवाल्याने तो रगडून पाहिला, कुणी लेप लावले, कुणी नुसते निजवून ठेवले. निजला की बरे वाटे. धावायला लागला की पुन्हा तेच. आता दसऱ्याला जेमतेम अडीच महिने उरले होते. दसऱ्यानंतर फौज बाहेर पडते आणि तिच्यासोबत जासूदही. तोवर सटवा धावू लागला नाही तर त्याची जागा दुसऱ्याला, असे नाईकांनी सांगून टाकले होते. वारज्याची जमीन थोरल्या भावाच्या ताब्यात होती. जागा गेली असती तर सटवाला बायकोमुलांसकट भावाच्या दारात राबायला उभे राहावे लागले असते.

"द्या डाग, वैद्यबुवा," तो पडल्यापडल्याच म्हणाला. "जळलं तर जळू द्या. पन पळाया आलं पायजे."

गृध्रसी म्हणजे कंबरेतून निघून मांडीच्या मागून टाचेपर्यंत उतरणारी कळ. तिच्यावर डाग सांगितलेला आहे, त्यात नाईकांचे काही चुकत नव्हते. पण आमच्या घराण्यात शास्त्र शिकलेला मी पहिलाच. वडील वाईला आचारी होते. ज्यांच्याकडे ते स्वयंपाक करत, त्या गुरुजींनीच मला पदरात घेऊन शिकवले. रोगाला नाव देण्याआधी रोग्याला हात लाव, हे त्यांनी मला सर्वांत आधी सांगितले होते. त्यांच्या उपकारांची आठवण ठेवायची तर एवढे तरी करायलाच हवे.

मी सटवाला उताणा केला आणि पाय सरळ ठेवून वर उचलला. गृध्रसी असेल तर माणूस इथेच ओरडतो.

"टाचेपर्यंत कळ जाते?"

"न्हाई."

"पोटरीत मुंग्या?"

"त्या बी न्हाईत. दुखतं ते हितंच. बसलो की टोचतं, पळालो की वढतं."

आपण ज्या हाडावर बसतो, नेमके त्याच्यावर त्याने बोट ठेवले. मी तिथे अंगठा दाबला आणि तो खाटेवरून उसळला.

मांडीच्या मागचे मांस एका जाड दोरीने या हाडाला बांधलेले असते. आम्ही तिला कंडरा म्हणतो. दुखत होती ती कंडरा.

"मग डाग?" नाईकांनी विचारले.

"कातडी भाजेल. कंडरा होती तशीच राहील."

"म्हणजे सकाळपासून आम्ही उगाच फुंकत बसलो."

सळई निवली, पण प्रश्न राहिलाच. इतकी वर्षे धावून जे दुखले नाही, ते याच उन्हाळ्यात का दुखावे? मी सटवाला मुठेकाठी नेऊन थोडे धावायला लावले. तो छोट्या, चपळ पावलांनी पळाला. काही खोट दिसेना.

"आपल्याला बघूनच बरा झाला," नाईक म्हणाले.

"हा कामावर एकटाच धावतो का?"

"एकटा कसा? जासूद जोडीनं जातो. वाटेत एकाला काही झालं तर पत्र दुसऱ्यानं पोचवायचं."

"याचा जोडीदार कोण?"

जुना जोडीदार थकून गावी गेला होता. त्याच्या जागी उन्हाळ्यात लखू आला होता. नाईकांनी काठावरच्या जासुदांच्या खोपीकडे तोंड करून त्याला हाक मारली. लखू आला तो वाकूनच दारातून बाहेर पडला, इतका उंच. मी दोघांना बरोबर धावायला सांगितले.

मग सगळे उघड झाले. लखू सहज ढांगा टाकत होता आणि सटवा त्याच्या पावलाला पाऊल लावत होता. दर वेळी त्याची टाच अंगाच्या फार पुढे पडे, मागची कंडरा ताणता येईल तेवढी ताणली जाई, आणि त्या ताणलेल्या दोरीवर तो सगळे अंग पुढे ओढून नेई. थोड्याच वेळात त्याचा हात कुल्ल्यावर गेला.

"एवढं लांब पाऊल कशाला टाकतोस?"

"नाईकांचा हुकूम हाय. जोडीचं पाऊल एक पडाया पायजे."

लखू गोंधळला. सटवाला तो मामा म्हणे. "मला वाटलं, मामांना घाई हाय. म्हणून मी बी जोर लावत हुतो."

नाईक म्हणाले, "पाऊल एक ठेवा म्हणालो होतो. लांबड्याचंच ठेवा असं नव्हतो म्हणालो."

मी मालीश बंद केली आणि वाकून पाय ताणणेही. पण निजून राहायला सांगितले नाही. अशी कंडरा निजून मऊ पडते. तिला बेताबेताने काम द्यावे लागते. उताणे पडून, गुडघे मुडपून कंबर उचलायची आणि तशीच धरायची. पुढे तेच एका पायावर. मग सपाटीवरून चालणे, मग छोट्या पावलांनी धावणे. काम करताना थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवले पाहिजे. न निवले तर काम कमी करायचे.

बरे वाटताच सटवा कुणाला न विचारता पर्वती चढून आला आणि पुन्हा लंगडू लागला. "गेली माझी जागा," म्हणत तो माझ्या ओटीवर उभाच राहिला, कारण बसवत नव्हते. मी म्हटले, "जागा नाही, घाई नडली. चढ सगळ्यात शेवटी." त्याने पुन्हा सपाटीपासून सुरुवात केली. या वेळी ऐकले.

दसऱ्याच्या आधी नाईकांनी जोडीला खडकीपर्यंत जाऊन यायला सांगितले. मी सांगितल्याप्रमाणे सटवा पुढे आणि लखू मागे, म्हणजे पाऊल सटवाचे आणि ढांगा आवरायच्या लखूने. दोघे परत आले तेव्हा सटवा घामाने निथळत होता, पण लंगडत नव्हता.

"बस," नाईक एका ओबडधोबड दगडाकडे बोट दाखवून म्हणाले.

सटवा बसला. आधी उजवीकडे कलून, मग सरळ. मग हसला.

"ऊठ आता. जागा दगडावर दिलेली नाही," नाईक म्हणाले. "दसरा झाला की निघायचंय."

तेव्हापासून कुणी जासूद दुखणे घेऊन आला, तर मी त्याच्या जोडीदाराला धावायला लावल्याशिवाय औषध देत नाही. जोडी अजून तशीच धावते, सटवा पुढे आणि लखू मागे. पत्रे पूर्वीइतक्याच वेळेत पोचतात. लखूची तक्रार मात्र कायम आहे: दुखणं मामांचं, आणि पथ्य मला.