पुलाचा उतार आणि बटणांचे टायर

आमच्या सात पिढ्यांतला पहिला पदवीधर मी, आणि कोपरीच्या पुलावरून सायकल हातात धरून पायी उतरणारा ठाण्यातला एकमेव सायकलवालाही मीच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.एस्सी. झालो आणि पुलापलीकडच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो. लगेच सायकल घेतली. जाड चाकं, सरळ हँडल आणि गिअर! (ते कशासाठी असतात हे मला अजून कळलेलं नाही.) महिन्याभरात उतारावरच्या वाळूवरून मागचं चाक घसरलं आणि सातवी ‘ब’च्या देखत मी आडवा झालो. तेव्हापासून उतार आला की मी खाली. शाळा नेमकी पुलाच्या पायथ्याशी. पोरं फाटकाला लटकून वाटच बघायची.

“आले रे! सर सायकलला फिरवायला घेऊन आले!”

वर्गात फळ्याकडे वळलो की मागून घंटी वाजायची. तोंडाने! अशा मास्तरचं कोण ऐकणार? मी पार खचलो.

बाबा कारखान्यात हेल्पर, शिक्षण चौथी. तीस वर्षं ते त्याच पुलावरून मागे आईला आणि पुढे दळणाचा डबा घेऊन उतरत आलेले.

“एवढं शिकलास ना? मग ब्रेक दाब आणि उतर.”

“बाबा, प्रश्न घर्षणाचा आहे.” (हा शब्द घरात मला एकट्यालाच यायचा.)

शेवटी नाखवांच्या दुकानात गेलो. होडी विकून त्यांनी सायकलचं दुकान टाकलेलं.

“नाखवा, टायर दाखवा. उतारावर रस्ता सोडणार नाहीत असे.”

“ह्यो घे. कडंला रबराची मोठी बटणं हायत, वळताना रस्ता धरंल. हवा ठासून भरू नको. आन् मास्तर, ब्रेकचे रबर बघू काय?”

“ब्रेकचं राहू द्या हो! खरं काम टायर आणि रस्त्याचं. घर्षण!”

मी फळकुटावर खडूने आकृती काढून अर्धा तास समजावलं. तेवढ्यात त्यांनी दोन पंक्चर काढली.

“तू शिकलेला बाबा,” ते म्हणाले. मला ती स्तुती वाटली!

दसऱ्याला सकाळी घरी सायकलची पूजा, मग शाळेत सरस्वतीपूजन. आई म्हणाली, “अरे, नवे टायर घातलेस, मग सायकल कशी लखलखायला पाहिजे!” मी फडकं आणि खोबरेल घेऊन बसलो. दांडा चमकवला, घंटी चमकवली. मग रिमा घेतल्या, अगदी आरशासारख्या केल्या.

बाबा बघत होते. “अरे, तिथे तेल...”

“बाबा, गंज धरत नाही. रसायनशास्त्र!”

बाबा माळ ओवायला लागले. घरातला पदवीधर बोलला की ते गप्प व्हायचे, हीच आमच्या घरची शोकांतिका.

हँडलला झेंडूची माळ घालून मी निघालो. मागून बाबा त्यांच्या काळ्या सायकलवर. खाली फाटकात अख्खी शाळा, मध्ये मुख्याध्यापक. आज मी उतरलो नाही! वाळूवरून गेलो, टायर जराही घसरले नाहीत. काय पकड! काय बटणं! छाती फुगवून मी ब्रेक दाबले.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबले. रबर रिमेवरून प्रेमाने घसरत राहिलं. सायकलचा वेग वाढला, माझा आवाज गेला.

“सर उतरत नाहीयेत!” पोरं आनंदाने ओरडली.

“सरांना उतरताच येत नाहीये!” एक हुशार पोरगी म्हणाली.

फाटकाशेजारी आपट्याच्या पानांचा ढीग घेऊन एक मावशी बसलेली. “मेल्या, बाजूला घे!” म्हणत ती उठून पळाली, म्हणून वाचली. मी थेट ढिगात.

“सर, सोनं वाटायचं असतं, त्यात लोळायचं नसतं!”

तेवढ्यात बाबा पोचले. ब्रेक दाबून, सावकाश उतरून त्यांनी सायकल स्टँडवर लावली. माझ्या रिमेवर बोट फिरवलं, वास घेतला.

“खोबरेल,” ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुट्टीनंतर चाचणीत मी जरा घाबरतच प्रश्न घातला: ‘घर्षण कशाने कमी होते ते उदाहरणासह लिहा.’ विज्ञानात कधीही पास न झालेल्या पोरांनीसुद्धा या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळवले. सगळ्यांचं उत्तर एकच होतं:

‘तेलाने. उदाहरण: आमचे सर.’

एकाचाही गुण कापता आला नाही.