व्हेराची माऊ

ओझरला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये रशियन जोडपं राहायला आलं, तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. साल साधारण अठ्ठ्याहत्तर. तो विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, माझे मिस्टरही तिथेच... आणि त्याची बायको व्हेरा दिवसभर घरात एकटी.

तिला ना मराठी येत होती, ना इंग्रजी. मला बघून हसायची आणि दार लावून घ्यायची.

एका दुपारी पाहिलं, तर जिन्याखाली बसून ती एका भटक्या मांजरीला दूध पाजत होती. काळी-पांढरी, बरगड्या वर आलेली, एक कान फाटलेला... संध्याकाळी ती मांजर तिच्या घरात!

माझ्या सासूबाई सायखेड्याच्या, तोंडानं फटकळ. "अगं, घरात नको घेऊ तिला. लय ताप होईल," त्यांनी हातवारे करून सांगितलं. व्हेरानं मान डोलावली आणि मांजरीला आणखी घट्ट धरलं.

मी तिला 'माऊ' हा शब्द सांगितला, तेच नाव पडलं. मग मांजरीशी बोलायला म्हणून ती माझ्याकडून शब्द शिकायला लागली... ये, बस, खा, झोप. तुझ्या भाषेत का नाही बोलत, असं मी खुणेनं विचारलं, तर म्हणाली, "माऊ इथली."

माझं ऐकून सासूबाईंना तीही 'आई' म्हणायची. बहुतेक तिला ते त्यांचं नावच वाटत असावं.

त्या थंडीत तिची आई गेल्याची तार आली. इतक्या लांब जाणं शक्यच नव्हतं... व्हेरा दारातल्या पायरीवर बसून राहिली, माऊ मांडीवर. रडत नव्हती, नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

सासूबाईंनी गरम वरणभात कालवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "खा गं बाई. उपाशी राहून आई परत येत नाय." त्यातलं 'खा' एवढंच तिला कळलं असेल. तिनं घास घेतला आणि मग जी हुंदके द्यायला लागली... सासूबाईंनी एक घास माऊपुढेही ठेवला.

पुढे व्हेरा आणि तिच्या नवऱ्याचं परत जायचं ठरलं. माऊला नेता येणार नव्हतं. जीप दारात उभी असताना व्हेरानं तिला सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, माऊ..." एवढंच म्हणाली. पुढचे शब्द मी तिला कधी शिकवलेच नव्हते.

"जा तू. मी हाय," सासूबाई म्हणाल्या.

माऊ आमच्या घरात रमली नाही. व्हेराच्या बंद दारापुढे जाऊन बसायची, जीपचा आवाज आला की उठून उभी राहायची. सासूबाई वाटी घेऊन तिथेच जायच्या. पण हळूहळू तिचं खाणं सुटलं... आणि एका सकाळी ती त्याच पायरीवर मरून पडलेली दिसली.

सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून शेवग्याखाली स्वतः पुरलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

व्हेराचा पत्ता आमच्याकडे नव्हता. मागितला होता, पण तो द्यायची परवानगी नाही, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं... त्यामुळे तिच्या लेखी माऊ शेवटपर्यंत आईंजवळच राहिली, सुखात राहिली. एवढं तरी तिच्या वाट्याला आलं, याचंच बरं वाटतं.