जॉबर मास्तरांची आठवी आज्ञा

जॉबर मास्तरांना कुजबुजता येत नसे. सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे आवाज कायमचा वरच्या पट्टीत अडकलेला. 'मास्तर, जरा हळू' असं म्हटलं की ते आवाज तेवढाच ठेवून फक्त मान खाली घालत. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, शेजाऱ्याशी हात मिळवून 'शांती असो' म्हणायची वेळ आली की पुढच्या तीन रांगा दचकून मागे बघत. सगळ्यात मोठी अडचण पापनिवेदनाची. आम्हा कॅथलिक लोकांत आपली पापं फादरांच्या कानाशी जाऊन सांगायची असतात आणि ती तिथंच राहायची असतात. मास्तरांची पापं मात्र फाटकाबाहेरच्या रिक्षा स्टॉपपर्यंत जात. "फादर, कंडक्टरला शिव्या दिल्या! दोन! न्हाय, तीन!" असं ऐकू आलं की आई आम्हाला हाताला धरून बाहेर काढायची. शेवटी फादरांनीच तोड काढली. मास्तरांनी पापनिवेदनाला रविवारी दुपारी यायचं, सगळे जेवायला घरी गेल्यावर.

जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. मास्तर कबनूरला एका कारखान्यात जॉबर होते आणि कारखान्यामागेच मालकानं दिलेल्या खोलीत राहायचे. बायको लवकर गेलेली, एकुलती एक मुलगी वसईला नर्सिंग शिकत होती. दर रविवारी पहिल्या एसटीनं ते कोल्हापूरला यायचे आणि मिस्सा झाल्यावर चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा दहाबारा मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. नखांत ग्रीस असायचं, पण शर्टाला इस्त्री कडक. हे काम त्यांना कुणी सांगितलं होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही. मला वाटतं, कुणीच सांगितलं नसावं.

त्यांचं खरं नाव पास्कल. पण कबनूरच्या मागवाल्यांच्या जिभेवर ते बसेना. पास्कलचं आधी पास्कर झालं आणि मग कुणीतरी शहाण्यानं ते दुरुस्त करून भास्कर केलं. हजेरीच्या वहीत भास्कर, किराणा दुकानात भास्करराव, गणपतीच्या मांडवात तर 'आमचे भास्करअण्णा'. मास्तर दोन्ही नावांना ओ द्यायचे. "बाप्तिस्म्याचं नाव पास्कल, घामाचं नाव भास्कर," म्हणायचे. एकदा मंगळवार पेठेतल्या एका दुकानदारानं त्यांच्या गळ्यातला क्रूस बघून कौतुकानं विचारलं, "पावणं, ख्रिश्चन असून मराठी बरं चांगलं बोलतासा?" मास्तर म्हणाले, "देवाला बी मराठी येतंय की! न्हायतर आमच्या आज्जीची प्रार्थना त्याला कळली असती काय?" दुकानदारानं त्यांना चहा पाजला.

शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. पुस्तक उघडायचे, एक ओळ वाचायचे आणि थेट मागावर जायचे. "उभा धागा म्हंजे ताणा, आडवा म्हंजे बाणा. नुसतं देव देव करशीला तर तो ताणा झाला. त्याचं काय कापड हुईत न्हाय. माणसं आडवी यायला लागत्यात!" आम्ही हसायचो. तासाच्या शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न असे, "ह्या आठवड्यात कुणाचं काय केलंस?" कुणी शेजारच्या आजींचं दळण आणलेलं असे, कुणी नापास झालेल्या मित्राला गणितं शिकवलेली. आमच्यातला डॉमनिक एकदा बराच विचार करून म्हणाला, "मास्तर, मी ह्या आठवड्यात कुणाला मारलं न्हाय." मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. "हे बी चाललं. सुरुवात हाय."

मी दहा वर्षांची होते त्या पावसाळ्यात आम्ही बायबलातल्या दहा आज्ञा शिकत होतो. मास्तर दर रविवारी एक घ्यायचे. सहावी आणि नववी या जरा मोठ्या माणसांच्या आज्ञा. सहावी व्यभिचाराची, तर नववी परस्त्रीचा अभिलाष धरू नये अशी. सहावीच्या रविवारी मास्तरांनी "लग्न झालं की घरी वेळेवर यायचं, एवढंच" म्हणून पाच मिनिटांत वर्ग सोडला होता. सातवी चोरीची, ती मात्र तासभर रंगली. पुढचा रविवार आठवीचा, म्हणजे खोटी साक्ष देऊ नये या आज्ञेचा. मी ती आधीच वाचून गेले होते, कारण मला पुढंपुढं करायची खोड होती.

त्या रविवारी मास्तर आले तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती. पुस्तक उघडलं, थोडा वेळ पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज नववी."

"मास्तर, आठवी राहिली," मी हात वर करून म्हणाले.

"पुढच्या वेळंला."

आणि मग त्या बिचाऱ्या माणसानं आम्हाला परस्त्री शिकवली. काय सांगू! घाम पुसत होते, खिडकीकडे बघत होते. डॉमनिकनं विचारलं, "परस्त्री म्हंजे परगावची काय?" मास्तर म्हणाले, "व्हय. परगावची, गावातली, सगळीच." त्या दुपारी फादर पापनिवेदनाला त्यांची वाट बघत चर्चच्या दारात उभे राहिले आणि मास्तर सरळ एसटी स्टँडकडे निघून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी दहावी घेतली. मी पुन्हा हात वर केला. ते माझ्यावर ओरडले नाहीत. नुसतं, "बस गं बाई," म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

तिसऱ्या रविवारी ते आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. बाहेर पाऊस होता, त्यामुळे मिस्सेनंतर मोठी माणसंही शेडच्या वळचणीला थांबली होती. माझे बाबा, फादर, गायकवृंदातल्या बायका. मास्तरांनी दार लावून घेतलं नाही.

"आज आठवी," ते म्हणाले. "ही म्या मोडलीय. कशी मोडली ते सांगतो. नीट ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या कारखान्यात सुशीलाक्का नावाची शिरोळकडची बाई सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होती. कोपऱ्यातल्या एका मागाचा धोटा उडत होता. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारा लाकडी ठोकळा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंड असतं. मास्तरांनी मालकाला तीनदा सांगितलं होतं, ह्याचा झिजलेला भाग बदलायला पाहिजे. मालक दर वेळी म्हणाला, ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू. मास्तरांनी तात्पुरती दुरुस्ती करून माग चालू केला. दोन दिवसांनी धोटा उडाला तो अक्काच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. चौकशीला सरकारी माणूस आला, तेव्हा माग ठणठणीत होता आणि बाई नको तिथं उभी होती, असा कागद तयार होता. मालकानं तो मास्तरांपुढं ठेवला.

"मालक वंगाळ माणूस न्हाय," मास्तर म्हणाले. "माझ्या बायकोच्या शेवटच्या दुखण्यात रोज सांगलीला न्यायला स्वतःची गाडी देत हुता. म्हटलं, कसं न्हाय म्हणायचं? आन् खरं सांगू? मला माझंबी भ्या वाटलं. माग चालू कुणी केला? म्याच की. कागदावर नाव भास्कर हुतं. म्या सही केली आन् मनाला म्हटलं, ही भास्करची सही हाय, पास्कलची न्हाय."

डॉमनिक फिसकन हसला. मास्तरही हसले, पण डोळे पुसत.

"मग?" मी विचारलं.

"मग ही पोरगी!" त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "दर रविवारी हात वर! कबनूरला झोपलो तरी हिचा हात दिसायला लागला. परवा सुट्टी टाकून शिरोळला गेलतो. उसातनं वाट काढत तिचं घर गाठलं."

सुशीलाक्का पडवीत तांदूळ निवडत होती, एका डोळ्यावर पट्टी. मास्तरांना बघून उठली नाही. मास्तरांनी हात जोडले आणि म्हणाले, अक्का, माझं चुकलं. ती म्हणाली, "मला म्हायती हाय. सही तुमचीच हाय म्हणून सांगितलंय मला. रडू नगासा, मला रडायला डॉक्टरनं बंदी केलीया, तुमाला बघून मला रडू येतंय." मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मास्तर नको म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "चा घ्या. आन् मग जावा आन् ज्या सरकारी सायबानं लिवून घेतलंय त्याला खरं काय ते सांगा. माझ्या दारात पाया पडून मला काय मिळणार हाय?"

"मग म्या चा घेतला," मास्तर म्हणाले. "आन् काल त्या सरकारी हापिसात जाऊन सांगून आलो. माग बिघडल्याला हुता, मालकाला म्हायती हुतं आन् मलाबी म्हायती हुतं. दोन्ही नावांनी सही केली."

मग मास्तरांनी पुस्तक उघडून ती एक ओळ वाचली, आमच्याकडून तीनदा म्हणून घेतली आणि वर्ग सुटला. बाहेर बाबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. फादर म्हणाले, "मास्तर, या आत." ते चर्चमध्ये गेले. त्या दिवशी कुणी मुलांना बाहेर पिटाळलं नाही. सगळ्यांनी सगळं आधीच ऐकलं होतं.

आठवड्याभरात नोकरी गेली, खोलीही गेली. सुशीलाक्काला भरपाई मिळाली, उशिरा का होईना. कबनूरमध्ये दुसऱ्या कुठल्या मालकानं मास्तरांना दारात उभं केलं नाही. मग बाबांनी आणि फादरांनी खटपट करून त्यांना मंगळवार पेठेत एक बोळकंडीएवढं दुकान बघून दिलं. तिथं ते शिलाई मशीन दुरुस्त करू लागले. एवढा मोठा जॉबर, आणि समोर बायकांची पायमशीनं! पण तक्रार नाही. "हिचा आवाज लई ग्वाड हाय," मशीनला तेल घालत म्हणायचे. एक झालं, आता रविवारची एसटी पकडायची नव्हती, त्यामुळे वर्ग तासाचा दीड तास झाला आणि आमच्या आया वैतागल्या.

मी कॉलेज संपवून बँकेत लागले त्या वर्षी त्यांनी वर्ग माझ्या गळ्यात घातला. मी म्हणाले, मास्तर, मला एवढं ज्ञान नाही. ते म्हणाले, "मला कुठं हुतं? चुकलीस तर पोरांना सांग, चुकले म्हणून. त्यांना तेवढंच लक्षात राहतंय." माझ्या पहिल्या तासाला ते स्वतः शेवटच्या बाकावर, आठ वर्षांच्या पोरांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत शिकवलं आणि दोनदा चुकले. त्यांनी एकदाही हात वर केला नाही.

पुढं गुडघे दुखायला लागले आणि मुलगी त्यांना वसईला घेऊन गेली. तिथं समुद्राच्या वाऱ्यानं झोप चांगली लागते, पण तांबडा रस्सा कुणाला जमत नाही, असं फोनवर सांगायचे. गेल्या वर्षी मास्तर गेले. मुलीचा फोन आला तेव्हा मी कॅश काउंटरवर होते. समोरच्या माणसाला 'एक मिनिट' म्हटलं आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

अजूनही दर रविवारी मी तो वर्ग घेते. मुलांच्या खिशात फोन असतात, क्लासेसच्या वेळा आड येतात, कधी चारच मुलं असतात. परवा आज्ञा शिकवताना एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्ही कधी खोटं बोललायसा?" मी दोन गोष्टी सांगितल्या. मुलं खूश झाली. तिसरी जिभेवर आली आणि मी ती गिळली. आई गेली तेव्हा 'धाकटीला वेळेवर कळवलं होतं, तीच आली नाही' असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मीच तिला उशिरा कळवलं होतं, एका जुन्या रागापायी. त्याला सहा वर्षं झाली.

मुलं गेल्यावर मी शेडमध्ये एकटीच बाकावर बसून राहिले. मग फोन काढला आणि नंबर लावला. चारपाच वेळा वाजला.

"हां ताई," बहीण म्हणाली. "बोल की. काय झालं?"